युद्धाचे आधुनिक खेळ आणि त्यांची यथार्थता

आजच्या सैन्यांची शस्त्रे, गणवेश, वाहने आणि डावपेच शक्य तितके हुबेहूब उभे करून इंटरनेटवरून एकाच वेळी अनेक खेळाडूंना परस्परांशी लढावयास लावणारे जे व्हिडिओ गेम गेल्या पंचवीस वर्षांत निर्माण झाले, त्यांनी तरुण पिढीच्या फुरसतीचा फार मोठा भाग व्यापला आहे. तरीही त्यांच्यासंबंधी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोनच रूपांत आढळते. एक तर परीक्षा तोंडावर आली असता रात्ररात्र जागणाऱ्या मुलांविषयी पालकांचे गाऱ्हाणे, नाही तर एखाद्या बंदीहुकमाची बातमी. दोहोंची दखल घेणे अवश्यच आहे. परंतु ज्या वस्तूविषयी गाऱ्हाणे करावयाचे किंवा हुकूम काढावयाचा, ती मुळात कशी घडली, तिच्या अंगी गुणदोष कोणते आणि ज्या यथार्थतेचा ती दावा करते तो कितपत टिकतो, याची तपासणी झाल्याविना दिलेला निवाडा एकतर्फीच ठरणार. ती तपासणी येथे करावयाची आहे. प्रस्तुत लेखकाने हे खेळ पुष्कळ खेळले आहेत आणि त्यांच्याविषयी त्याच्या मनात खरी आस्था आहे, हे आरंभीच सांगणे बरे. कारण पुढे जे दोष दाखविले आहेत ते तिऱ्हाइताच्या तिरस्कारातून आलेले नाहीत.

१. पूर्वपीठिका

युद्धाचा अभ्यास खेळाच्या रूपाने करण्याची पद्धत संगणकाहून पुष्कळच जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातील रायस्वित्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटाने, आपल्या वडिलांनी योजिलेल्या खेळात सुधारणा करून, १८२४ साली जो युद्धखेळ सिद्ध केला, तो पाहून त्या सैन्याच्या जनरल स्टाफचे प्रमुख जनरल म्युफलिंग यांनी तो सर्व पलटणींत शिकविला जावा अशी शिफारस केली. आठ हजारास एक या प्रमाणाचा नकाशा, त्यावर तुकड्या दर्शविणारे ठोकळे, दैवाचा अंश आणण्यासाठी फासे आणि दोन्ही पक्षांमध्ये बसलेला एक पंच, एवढीच त्याची सामग्री होती. परंतु त्याच्या नियमांत एक फार खोल जाण होती. प्रत्येक सेनापतीस प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच पंच त्यास दाखवी, आणि दूरच्या तुकडीस धाडलेला हुकूम स्वाराला लागणाऱ्या वेळाचा हिशेब करूनच तिच्या हाती पडे. युद्धातील सत्य केवळ तोफांच्या संख्येत सामावलेले नसून अज्ञान, विलंब आणि परावलंबन यांत ते वसत असते, हे त्या खेळाने ओळखले होते. पुढे जे खेळ झाले त्यांचे मोल ठरविण्यास हीच कसोटी उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

संगणकावरील नेमबाजीचे खेळ मात्र या परंपरेतून जन्मास आले नाहीत. १९९३ साली निघालेला ‘डूम’ हा राक्षसांच्या कत्तलीचा कल्पनारम्य खेळ. तथापि १९९६ च्या सुमारास अमेरिकेच्या मरीन दलातील काही मंडळींनी त्याचेच रूपांतर करून राक्षसांच्या जागी सैनिक, चक्रव्यूहाच्या जागी मोर्चे आणि एकाकी वीराच्या जागी चौघांची तुकडी आणली, आणि तुकडीने एकमेकांच्या आधाराने पुढे कसे सरकावे याची तालीम त्यावर देऊ केली. करमणुकीचा खेळ आणि लष्करी कवायत यांची देवाणघेवाण अशी आरंभापासूनच सुरू झाली.

२. दोन प्रवाह

१९९८ ते २००१ ही वर्षे या प्रकाराच्या इतिहासात निर्णायक ठरली. १९९८ सालच्या ‘रेनबो सिक्स’ने हल्ल्यापूर्वी इमारतीच्या आराखड्यावर प्रत्येक तुकडीची वाट आखण्याची शिस्त खेळाडूस लावली, आणि एकदा मेलेला शिपाई पुढील कामगिरीस परत येणार नाही असा कडक नियम घातला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा पाया घेऊन १९९९ मध्ये हौसेखातर रचलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’ने बाँब पेरणारे आणि तो निकामी करणारे अशा दोन पक्षांत खेळाडूंची विभागणी केली; डाव चालू असता जो पडेल त्याने डाव संपेपर्यंत मुकाट्याने पाहत बसावयाचे, या एका नियमामुळे त्यातील प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागे. पुढील वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो रीतसर बाजारात आणला, आणि आज जगभर ज्याच्या पुढील आवृत्त्यांच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात तो हाच खेळ. २००१ साली चेक प्रजासत्ताकातील बोहिमिया इंटरॅक्टिव्ह या संस्थेने ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ प्रसिद्ध केला. त्यात मैलोगणती पसरलेली बेटे होती, शत्रू बहुधा क्षितिजावरील एक ठिपका असे, आणि कोठून आली हे कळण्याच्या आत एकच गोळी कारभार आटोपी.

येथून दोन प्रवाह स्पष्ट वेगळे झाले. पहिल्याचा कळस म्हणजे २००७ सालचा ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’. त्यातील बंदुका आणि गणवेश आधुनिक आहेत, चित्रे अस्सल भासतात. परंतु त्यातील शिपाई घायाळ झाला तर आडोशाला क्षणभर थांबताच आपोआप बरा होतो, आणि न मरता लागोपाठ तीन बळी घेणाऱ्यास टेहळणी विमान, पाच बळी घेणाऱ्यास विमानहल्ला आणि सात बळी घेणाऱ्यास हेलिकॉप्टर बक्षीस मिळते. हा युद्धाचा पोशाख चढविलेला चपळाईचा सामना आहे, आणि त्या दृष्टीने तो उत्तम आहे; मात्र कोणत्याही सैन्यात हवाई कुमक शिपायाच्या वैयक्तिक पराक्रमाचे इनाम म्हणून मिळत नाही. दुसऱ्या प्रवाहाने वेग सोडून व्यवस्था धरली. ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’चे वारस म्हणजे २००६, २००९ आणि २०१३ मध्ये निघालेले ‘आर्मा’ मालिकेचे तीन खेळ. त्याच घराण्यातील ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ ही प्रणाली तर अमेरिकेचे मरीन दल आणि ऑस्ट्रेलियाचे सैन्य यांनी प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी वापरली. इकडे स्वीडनमधील डाइस या संस्थेच्या २००५ सालच्या ‘बॅटलफील्ड २’ या खेळावर ‘प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी’ नावाचे विनामूल्य रूपांतर काही हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून तयार केले, आणि त्यातीलच काही जणांनी कॅनडात ऑफवर्ल्ड नावाची संस्था स्थापून ‘स्क्वॉड’ हा खेळ रचला. तो २०१५ च्या अखेरीस अपूर्ण अवस्थेत आणि २०२० मध्ये पूर्णत्वाने विक्रीस आला. या दुसऱ्या प्रवाहाचा स्वभाव ‘स्क्वॉड’मध्ये जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल; म्हणून त्याचे वर्णन थोड्या विस्ताराने करणे युक्त होईल.

३. एका सामन्याचे जवळून दर्शन

पन्नासांविरुद्ध पन्नास असा हा सामना. प्रत्येक पक्षात जास्तीत जास्त नऊ जणांच्या तुकड्या, आणि प्रत्येक तुकडीस एक नाईक. बोलण्याचे मार्ग तीन : जवळ उभ्या असलेल्या कोणासही ऐकू जाणारा, फक्त आपल्या तुकडीचा, आणि निरनिराळ्या तुकड्यांच्या नाईकांचा आपसातील. पडद्याच्या मध्यभागी नेम धरण्याची खूण नाही. झाडलेली गोळी लागली की नाही, शत्रू पडला की पळाला, याची वर्दी कोणी देत नाही. आणि आपल्याच माणसाला गोळी लागली तर तोही मरतो.

सामना सुरू झाला की नवखा शिपाई धावत सुटू पाहतो. अनुभवी नाईक त्यास थांबवून आधी रसदेच्या ट्रकचा चालक कोण हे विचारतो. कारण पुढच्या मुलखात ठाणे उभारावयाचे तर नाईकाने सहकाऱ्यांसह तेथे जाऊन रेडिओ रोवावा लागतो, बांधकामाचे साहित्य आणि दारूगोळा ट्रकने मागच्या तळावरून वाहून आणावा लागतो, आणि नंतर सर्वांनी फावडी घेऊन तटबंदी व ‘हॅब’ म्हणजे नव्या शिपायांच्या आगमनाची जागा खणून उभी करावी लागते. ठाण्याच्या आसपास शत्रू घुसला की ती वाट बंद पडते. रेडिओच उद्ध्वस्त झाला तर संपूर्ण पक्षाच्या शिलकेतून मोठी वजावट होते. ही शिलक म्हणजे प्रत्येक पक्षास आरंभी मिळालेली ‘तिकिटे’. शिपाई कायमचा पडला की एक तिकीट जाते, वाहन नष्ट झाले की अनेक जातात. शिलक संपली की पराभव. त्यामुळे एकट्याने पुढे घुसून दहा बळी घेणारा खेळाडू आपल्या पक्षाच्या हिताचा असेलच असे नाही, आणि संबंध सामन्यात एकही गोळी न झाडता ट्रकच्या खेपा घालणारा पुष्कळदा विजयाचा खरा धनी असतो.

पडलेल्या शिपायाचा पडदा काळवंडतो आणि तो जवळपासच्या माणसांना हाक मारीत पडून राहतो. कोणीही येऊन पट्टी बांधून त्यास उठवू शकतो, परंतु पूर्ववत बरे करण्याचे सामर्थ्य मेडिकच्याच, म्हणजे तुकडीतील शुश्रूषकाच्याच, हाती असते. आणि मेडिक धुराचा गोळा फेकून, सरपटत, गोळीबार थांबण्याची वाट पाहत येतो तेव्हा, ज्याचे तोंडही आपण कधी पाहिले नाही अशा कोणा परदेशस्थ माणसाविषयी मनात जी कृतज्ञता दाटून येते, ती खेळाच्या मानाने खरोखरच मोठी असते. नाईक मेला की तुकडीच्या मार्गावर एकदम शांतता पसरते; आता काय करावयाचे हे कोणासच ठाऊक नसते, आणि तेवढ्यात एखादा आजवर न बोललेला मनुष्य पुढे होऊन दोन वाक्यांत सर्वांना कामे वाटून देतो. नेतृत्वाचा उदय कसा होतो याचे इतके निर्मळ दर्शन व्यवहारात फार थोड्या ठिकाणी घडते.

२०२३ मध्ये या खेळाच्या कर्त्यांनी एक धाडसी फेरफार केला. धावून दमलेल्या शिपायाचा हात कापावा, जवळून गोळ्या सणसणत गेल्या म्हणजे त्याची दृष्टी मंद व्हावी, आणि त्यामुळे एकाकी नेमबाजाचे कसब निष्प्रभ होऊन तुकडीने मिळून गोळीबार करणे अपरिहार्य व्हावे, असा त्याचा आशय होता. जुन्या खेळाडूंनी त्यावर मोठा गहजब केला आणि मतभेद अद्यापि शमलेला नाही. आमच्या मते मात्र कर्त्यांची दिशा बरोबर होती. ज्या खेळात व्यक्ती दुबळी आणि समूह समर्थ होतो, तो प्रशियाच्या त्या जुन्या नकाशाच्या अधिक जवळ जातो.

४. राज्यसत्ता, शत्रू आणि खेळ

युद्धाचे चित्र काढणारा मनुष्य राज्यसत्तेच्या नजरेतून फार काळ सुटत नाही. ४ जुलै २००२ रोजी अमेरिकेच्या सैन्याने स्वतःच ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा खेळ विनामूल्य प्रसिद्ध केला. सैन्यभरतीस तरुणांचे मन वळविणे हा त्याचा उघड हेतू होता, आणि वीस वर्षे चालवून मे २०२२ मध्ये तो बंद करण्यात आला. त्यातील कित्येक गोष्टी स्तुत्य होत्या. मेडिक होऊ इच्छिणाऱ्यास प्रथमोपचाराचे पाठ ऐकून परीक्षा द्यावी लागे, आणि सहकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्याची रवानगी पडद्यावरील तुरुंगात होई. परंतु त्याच्या रचनेतील एक युक्ती विचार करावयास लावणारी आहे. दोन्ही पक्षांतील प्रत्येक खेळाडूस आपण अमेरिकन सैनिक आहोत आणि समोरचे शत्रू आहेत असेच दिसे. शत्रूच्या बाजूने खेळण्याची वेळ कोणावर कधी येतच नसे. जोसेफ डिलॅप या कलावंताने २००६ पासून त्या खेळात शिरून, न लढता, इराकमध्ये मृत्यू पावलेल्या अमेरिकन सैनिकांची नावे एकामागून एक लिहिण्याचा जो निषेध आरंभिला, तो या युक्तीने झाकलेल्या गोष्टीकडेच बोट दाखवीत होता.

शत्रूचा पोशाख चढविण्याचा प्रश्न पुन्हा २०१० मध्ये उभा राहिला. अफगाणिस्तानातील युद्धावर आधारलेल्या ‘मेडल ऑफ ऑनर’मध्ये सामुदायिक सामन्यात एका बाजूस तालिबान असे नाव होते, मृत सैनिकांच्या आप्तांनी आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही हरकत घेतल्यावर ते नाव बदलून ‘विरोधी दल’ असे करण्यात आले, बाकी सर्व पूर्ववत राहिले. इराकमधील फलुजाच्या २००४ सालच्या लढाईवरील खेळाची घोषणा २००९ मध्ये होताच इतका क्षोभ झाला की कोनामी या प्रकाशकाने काही आठवड्यांतच अंग काढून घेतले. तो खेळ अपूर्ण स्वरूपात प्रकाशात येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. हुबेहूबपणाच्या ध्यासाचे परिणाम कधी कधी खेळाबाहेरही भोगावे लागतात. ‘आर्मा ३’ मधील बेट ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतले होते. २०१२ च्या सप्टेंबरात बोहिमियाचे दोन कर्मचारी तेथे गेले असता लष्करी स्थळांची छायाचित्रे काढल्याचे सांगून हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि जामिनावर सुटका होईपर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ ते कैदेत राहिले.

५. जे दाखविले जात नाही

आता या यथार्थतेच्या मर्यादेकडे वळू. शस्त्राचा आवाज, रणगाड्याच्या चिलखताची जाडी, गोळीचा वक्रमार्ग यांविषयी हे खेळ पराकाष्ठेचे दक्ष असतात. पण ‘स्क्वॉड’मधील बसरा किंवा फलुजा या शहरांतून हिंडताना घरे, दुकाने, मशिदी सारे काही दिसते आणि रहिवासी मात्र एकही दिसत नाही. शंभर सशस्त्र पुरुषांसाठी मोकळे करून ठेवलेले नगर ही आधुनिक युद्धातील सर्वांत मोठी असत्य गोष्ट आहे. कारण या काळातील बहुतेक लढाया वस्त्यांमध्येच झाल्या आणि त्यांचा भार वस्तीनेच वाहिला. ही उणीव तांत्रिक अडचणीमुळे राहिली असेही म्हणता येत नाही. याच खेळाचा पूर्वज ‘प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी’ यात बंडखोरांच्या पक्षातील काही खेळाडू निःशस्त्र नागरिक होत. त्यांच्यावर अकारण गोळी झाडणाऱ्या सैनिकास दंड होई आणि त्यांना जिवंत पकडणाऱ्यास लाभ मिळे. गोळी झाडण्यापूर्वी क्षणभर विचार करावयास लावणारा हा नियम पुढील व्यापारी अवतारात गळाला, हे आमच्या मते त्याचे सर्वांत मोठे नुकसान होय.

युद्धास नियम असतात ही कल्पना आपल्या वाचकास नवी नाही. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सैन्ये मिळून पळणाऱ्यावर, निःशस्त्रावर, सारथ्यावर आणि वाद्ये वाजविणाऱ्यावर प्रहार न करण्याचे ठराव करतात. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दाणावैरण बाजारातून विकत घ्यावी, रयतेस उपद्रव देऊ नये अशी सक्त ताकीद आहे. ज्या खेळात रसदेचा ट्रक आहे पण रयत नाही, तो अर्धेच युद्ध दाखवितो. स्वित्झर्लंडमधील ‘ट्रायल’ आणि ‘प्रो युव्हेंतुते’ या संस्थांनी २००९ मध्ये वीस युद्धखेळ आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या दृष्टीने तपासले, तेव्हा नागरिकांची हत्या आणि नागरी मालमत्तेचा विध्वंस यांना खेळात काहीच प्रायश्चित्त नसल्याचे त्यांना पुष्कळ ठिकाणी आढळले. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची भूमिकाही अशीच समंजस आहे : खेळ बंद करा असे ती म्हणत नाही, खऱ्या सैनिकास जे नियम बांधतात ते खेळातील सैनिकासही बांधोत एवढेच ती मागते. हे अशक्य नाही याचा पुरावा बोहिमियानेच दिला. त्या समितीच्या सहकार्याने २०१७ मध्ये ‘आर्मा ३’ची ‘लॉज ऑफ वॉर’ ही पुरवणी निघाली. तिचा नायक युद्ध संपल्यावर एका उद्ध्वस्त गावातील न फुटलेले सुरुंग काढणारा मनुष्य आहे, आणि त्या गावावर कोणी काय केले याच्या स्मृती तो सर्व पक्षांच्या दृष्टींनी पुन्हा जगतो. तिच्या उत्पन्नाचा काही भाग रेड क्रॉसला देण्यात आला. या प्रकारातील ही कृती आम्ही सर्वश्रेष्ठ मानतो.

६. परिणामांचा पुरावा

असे खेळ खेळून मुले हिंसक होतात काय, हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात, आणि त्याचे उत्तर शास्त्रज्ञांत वादग्रस्त राहिले आहे. क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रीकरण करून हिंसक खेळ आणि आक्रमक विचार व वर्तन यांचा संबंध आहे असे प्रतिपादिले. क्रिस्टोफर फर्ग्युसन यांच्यासारख्यांनी त्या पद्धतीवरच आक्षेप घेतले. २०१९ मध्ये अँड्र्यू शिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी ब्रिटनमधील चौदा-पंधरा वर्षांची सुमारे एक हजार मुले घेऊन, पद्धत आधीच जाहीर करून, जी पाहणी केली तीत हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये जो ठराव केला, त्यात ओरडणे, ढकलणे अशा सौम्य आक्रमकतेशी अल्प संबंध मान्य केला असला, तरी प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्यास पुरेसा पुरावा नाही असेही बजाविले. दुसरीकडे, ग्रीन आणि बावेलिए यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दहा दिवस रोज तासभर युद्धखेळ खेळलेल्या मंडळींची दृष्टीची अवधानशक्ती ‘टेट्रिस’ हा ठोकळे जुळविण्याचा खेळ खेळणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलेली दिसली.

व्यसनाचा प्रश्न निराळा आणि अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या अनावर आसक्तीस रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. खेळावरचा ताबा सुटणे, अन्य सर्व कर्तव्यांहून खेळास अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारणतः वर्षभर टिकली तर तो विकार समजावा असे ती सांगते. बहुसंख्य खेळाडूंना हे लागू नाही. परंतु ज्या घरात ही लक्षणे दिसतात तेथे बंदुकीच्या चित्राची चर्चा न करता झोप, अभ्यास आणि एकाकीपणा यांची चौकशी करावी, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास संकोचू नये.

७. आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रात खर्चिक संगणकापेक्षा मोबाईलवर हा खेळप्रकार पसरला, आणि त्याची वंशावळ थेट त्या चेक संस्थेशी जाऊन मिळते. ‘आर्मा २’ वर डीन हॉल या न्यूझीलंडच्या सैन्यात काम केलेल्या माणसाने २०१२ मध्ये ‘डेझेड’ हे रूपांतर केले, त्यावर ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने शेवटपर्यंत उरेल तो विजयी असा ‘बॅटल रॉयल’ प्रकार रचला, आणि तोच पुढे दक्षिण कोरियातील कंपनीकडे जाऊन २०१७ मध्ये ‘पबजी’ झाला. २०१८ मध्ये त्याची मोबाईल आवृत्ती आली आणि गावोगावच्या पारांवर व वसतिगृहांत “नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे”, “पुढे जाऊ नको, घरात स्क्वॉड आहे”, “स्मोक टाक, मी येतो” असे संवाद ऐकू येऊ लागले. स्वस्त फोनवर चौघा मित्रांनी एकमेकांस सांभाळून घेण्याचा हा उद्योग केवळ वेळेचा अपव्यय म्हणून निकालात काढता येण्यासारखा नाही.

सरकारी अंमल मात्र सतत हेलकावे खात राहिला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बंदीच्या मागणीची जनहित याचिका दाखल झाली. त्याच वर्षी राजकोट पोलिसांनी खेळण्यास मनाई करून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ११८ अ‍ॅप बंद केली त्यांत पबजी होते. कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते, मुलांच्या मनःस्वास्थ्याचे नव्हते. २०२१ मध्ये तेच ‘बीजीएमआय’ नावाने परतले, २०२२ च्या जुलैत पुन्हा हटविले गेले आणि मे २०२३ मध्ये अल्पवयीनांस दिवसास तीन तासांच्या मर्यादेसह पुन्हा सुरू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हा भेद योग्यच आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भारतीय कल्पनाविश्वावर बेतलेला बॅटल रॉयल प्रकाशित केला, त्यावरून येथे कसबाची वाण नाही हे दिसते. उणीव आहे ती आपल्या सैनिकाचे आणि आपल्या सीमेवरील रहिवाशाचे जीवन गांभीर्याने मांडणाऱ्या खेळाची.

जे मुळीच खेळत नाहीत अशांनाही या खेळांची यथार्थता आज एका वाटेने गाठते. ‘आर्मा’मधील दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून दाखविण्याचा प्रकार २०११ मध्ये एका ब्रिटिश माहितीपटात घडला; २०२१ च्या सप्टेंबरात पंजशीरमधील हवाई हल्ला म्हणून आपल्याकडील काही वृत्तवाहिन्यांनी तीच चूक केली; युक्रेन आणि गाझा येथील युद्धांत ती वारंवार झाली; आणि मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात तर पत्र सूचना कार्यालयास अशा चित्रफिती खोट्या असल्याचा खुलासा करावा लागला. बोहिमियाने २०२२ मध्येच या चित्रफितींची लक्षणे सांगून ठेविली आहेत : चित्र अस्पष्ट, कॅमेरा थरथरता, प्रसंग बहुधा रात्रीचा, आवाज नसलेला, आणि हलती माणसे जवळजवळ नाहीतच. यातील शेवटचे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विमाने आणि स्फोट यांची नक्कल साधली, मनुष्याची साधली नाही.

८. निष्कर्ष

या सर्व तपासणीतून आमचे मत असे बनले आहे की, हे खेळ हिंसेची शाळा आहेत असे म्हणण्यास आधार नाही, आणि ते युद्धाचे यथार्थ दर्शन घडवितात असे म्हणण्यासही नाही. त्यांतील जे उत्तम आहेत ते परस्परावलंबन, संयम, स्पष्ट बोलणे आणि हुकमाची जबाबदारी यांची खरी तालीम देतात. परंतु भय, कायमची जखम, निर्वासित कुटुंब आणि कृत्याचा परिणाम यांना ते पडद्याबाहेर ठेवतात. म्हणून कोणत्याही खेळाची यथार्थता त्यातील बंदुकीच्या हुबेहूबपणावरून न मोजता तो खेळाडूवर कोणती बंधने घालतो यावरून मोजावी. पालकांना आमची विनंती एवढीच की, खेळ हिसकावून घेण्यापूर्वी एखादी संध्याकाळ मुलाच्या शेजारी बसून संपूर्ण सामना पाहावा, त्याच्या तुकडीत तो कोणते काम करतो आणि त्या रिकाम्या शहरातील माणसे कोठे गेली असतील हे त्यास विचारावे. संपादकांनी आणि समीक्षकांनी नाटक-चित्रपटांप्रमाणेच या कलाप्रकाराचे नियमित परीक्षण मराठीत सुरू करावे. आणि पुण्या-मुंबईत जे तरुण असे खेळ रचावयास बसले आहेत त्यांनी पहिल्या आराखड्यातच रयतेस जागा द्यावी.